आतून लावायची कडी : मुंबईतल्या साध्या माणसांचे सिनेमे

करीरोड_पूर्व

मंडळी, बरेच दिवस मनात घोळतंय, आज लिहितेच. जरा लांबेल.

२०२४ च्या नोव्हेंबरात पायल कपाडियांचा 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' थिएटरात लागला, तेव्हा आईला घेऊन गेले होते. कानच्या महोत्सवात ग्रां प्री मिळाली म्हणून मला बघायचा होता. आईला त्याचं काही नव्हतं. ती आली, कारण सिनेमा इस्पितळातल्या बायकांचा आहे असं मी सांगितलं होतं. तिनं स्वतः तीस वर्षं इस्पितळात आयाबाईचं काम केलंय. दोन नर्सा मल्याळी, खाली पाट्या इंग्रजी. त्यामुळे सुरुवातीला मी तिच्या कानात सगळं सांगत होते. मग छाया कदम आल्या. पार्वती, इस्पितळात स्वयंपाक करणारी, रत्नागिरीकडची. आईनं माझा हात बाजूला सारला. पुढे तिला माझी गरज लागली नाही.

पार्वतीची खोली बिल्डर घेतोय आणि तिच्याकडे कागद नाही. नवरा गिरणीत होता, तो गेला, आणि इतकी वर्षं आपण इथे राहिलो याचा पुरावा तिच्या हातात काहीच नाही. मध्यंतरात आई काही बोलली नाही. घरी आल्यावर तिनं पत्र्याची पेटी उघडली, भाडेपावत्यांची पुडकी काढली, एकेक बघितली आणि परत बांधून ठेवली. जुन्या पावत्यांवर आजोबांचं नाव, नंतरच्या बाबांचं. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली, पावती अजून त्यांच्याच नावानं येते. त्या खोलीत सर्वांत जास्त वर्षं काढली आईनं, आणि तिचं नाव एकाही पावतीवर नाही.

तेव्हापासून मी मुंबईवरचे सिनेमे परत बघायला घेतले. मोठे भाईलोक, नट व्हायला आलेली पोरं, ते सगळं वगळून. पगारावर जगणाऱ्या, गाडीला लोंबकळणाऱ्या माणसांचे तेवढे. एक गोष्ट सारखी दिसायला लागली. या माणसांना बंगला नकोय, गाडी नकोय. त्यांना एक दार हवंय, ज्याची कडी आतून लावता येईल. याच सिनेमातली अनु नावाची तरुण नर्स घ्या. तिचं प्रेम आहे, माणूस आहे, आणि दोघांनी तासभर बसावं अशी जागा या एवढ्या शहरात नाही.

आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं होती. चाळीत दिवसा दार लावलं तर शेजारचे विचारायचे, "बरं नाही का कुणाला?"

या बाजूनं तुम्हाला आठवणारे सिनेमे सांगा. फक्त नावं नकोत, आपलं काय आहे त्यात तेही लिहा.

---

गॅलरीतला_खांब

ताई, याचा मूळपुरुष आमच्या पिढीकडे आहे. 'मुंबईचा जावई', १९७०, दिग्दर्शक राजा ठाकूर. भरलेलं घर, नवं लग्न आणि एकांत नाही, एवढीच गोष्ट. त्यावरूनच बासू चटर्जींनी १९७२ साली हिंदीत 'पिया का घर' केला, जया भादुरी आणि अनिल धवन यांना घेऊन.

'का रे दुरावा' हे गाणं आज लोक रेडिओवर ऐकतात आणि रुसव्याचं गोड गाणं म्हणून सोडून देतात. गदिमांचे शब्द, बाबूजींची चाल, आशाबाईंचा आवाज, गोड वाटणारच. पण ते कुठल्या खोलीत म्हटलं जातं ते बघा. तिथला दुरावा जागेचा आहे.

माझं लग्न १९७४ सालचं, गिरगावात. दोन खोल्या, आई-वडील, थोरला भाऊ, वहिनी, त्यांची दोन मुलं, धाकटी बहीण आणि आम्ही दोघं. वहिनी फार शहाणी बाई. दर शनिवारी ती सगळ्यांना कुठेतरी बाहेर काढायची. कधी कीर्तन, कधी चौपाटी, कधी कुणाकडे हळदीकुंकू. जाताना माझ्या बायकोला म्हणायची, "दूध उतू जाईल, तू थांब." याबद्दल घरात कधी चकार शब्द निघाला नाही. पुढच्या शनिवारी आम्ही दोघं मुलांना घेऊन राणीच्या बागेत जायचो, म्हणजे भाऊ-वहिनीला घर मिळायचं. चार वर्षं असं चाललं. वहिनी गेल्या वर्षी गेली. हे सगळं तिच्यासाठी लिहिलं असं समजा.

---

ठाणे_स्लो

'घरौंदा'! १९७७, दिग्दर्शक भीमसेन, अमोल पालेकर आणि झरीना वहाब.

पण करीरोडताई, तुमच्या म्हणण्यात थोडी भर घालतो. घराचं स्वप्न म्हणजे चांगल्या माणसांचं साधं स्वप्न, असं हा सिनेमा म्हणत नाही. एकाच ऑफिसातली दोघं पै-पै जमवून फ्लॅटसाठी पैसे भरतात, बिल्डर पैसे घेऊन पळतो. इथपर्यंत आपण त्यांच्या बाजूनं असतो. मग नायक तिला सांगतो, साहेबाशी लग्न कर, म्हातारा आहे, हृदयरोगी आहे, फार दिवस काढणार नाही, मग सगळं आपलंच. ज्या मुलीबरोबर घर मांडायचं, तिलाच घरासाठी दुसऱ्याच्या घरी पाठवायचं! साहेबाच्या भूमिकेत डॉ. लागू, आणि ते त्या माणसाला असं उभं करतात की आपण मनातल्या मनात नायकाला सोडून त्यांच्याकडे जातो. झरीना वहाबही तेच करते.

हे माझ्या अंगावर येतं, त्याला कारण आहे. आम्ही ठाण्याच्या पुढे बुकिंग केलं होतं. सात वर्षं रिकाम्या प्लॉटचे हप्ते भरले. बिल्डरचं नाव घेत नाही, केस चालू आहे. त्या सात वर्षांत मी कसा झालो ते मला माहीत आहे. बहिणीच्या लग्नाला दहा हजार देताना मी हिशेब मांडला. वडिलांचं ऑपरेशन पुढे ढकलता येईल का, असं डॉक्टरांना विचारलं. माझ्या तोंडून तो प्रश्न गेला, आणि त्या रात्री हा सिनेमा आठवला. त्यातलं 'दो दीवाने शहर में' हे गाणं आता मला पूर्ण ऐकवत नाही.

---

डोल_जाळं

सगळं वाचलं, पटलं. पण मला एक विचारायचंय. तुमच्या या सिनेमांमध्ये समुद्र कुठे आहे?

मी वरळी कोळीवाड्यातला. पडद्यावर समुद्र येतो तो मरीन ड्राइव्हच्या कठड्यावरून. माणूस ऑफिसातून थकून येतो, पाठ शहराकडे करून बसतो, समोर पाणी. 'मंझिल'मधलं पावसातलं गाणंही तिथलंच. गाण्याला माझा विरोध नाही. पण आम्ही नेमके उलट्या बाजूनं बघतो. पाण्यातून येताना आधी शहराचे दिवे दिसतात, मग वास येतो, मग घर. सात बेटांच्या या गावात सगळ्यांच्या आधी जो होता, त्याच्या डोळ्यांतून शहर दाखवणारा सिनेमा मला शोधावा लागतो. आम्ही गाण्यात येतो, दागिने घालून, नारळी पुनवेला.

आमच्या गोष्टीत काय नाही? पावसाळ्यात मासेमारी बंद, होड्या ओढून वर घेतलेल्या, हातात पैसा नाही, त्याच वेळी शाळेच्या फिया. बर्फाचं आणि डिझेलचं बिल मावरं विकायच्या आधी द्यायचं. माझी आय पहाटे ससून डॉकला जाऊन पाटी भरायची, दुपारपर्यंत बाजारात बसायची. तिला कानाची बुगडी नको होती, बाजारात बसायला पक्का ओटा हवा होता. डोक्यावर छप्पर, खाली पाणी जायला वाट. तिचं स्वप्न म्हणजे एवढंच, आणि तेही कागदावरच होतं. परवाना.

आणि हल्लीचं सांगतो. सागरी किनारा रस्ता झाला, तेव्हा आमच्या बंदराच्या तोंडाशी जे खांब येणार होते त्यांतलं अंतर ६० मीटर होतं. भरतीला, वाऱ्यात, तेवढ्यातून होडी काढणं म्हणजे जीवाशी खेळ. माणसांनी होड्या घालून काम अडवलं. बैठका, तज्ज्ञ, नकाशे, हे किती वर्षं चाललं. शेवटी २०२२ च्या डिसेंबरात १२० मीटर मान्य झालं. साठ मीटर पाण्यासाठी भांडलेली माणसं. ताई, तुम्ही दाराबद्दल बोलता. आमचं दार ते आहे.

---

करीरोड_पूर्व

दादा, तुमचं वाचून मी थांबलेच. समुद्र दार म्हणून मी कधी पाहिलाच नव्हता. माझ्यासाठी तो कठडाच, खरंय. आई-बाबाही लग्न झाल्यावर दादरच्या चौपाटीवर जायचे ते समुद्रासाठी नव्हे, खोलीत बोलता येत नव्हतं म्हणून.

आणि तुम्ही म्हणता त्यावरून एक लक्षात आलं. 'ऑल वी इमॅजिन'मध्ये मुंबईचा भाग आहे तो पाऊस, बाजार, गाडी, इस्पितळ यांचा. समुद्र मनासारखा भेटतो तो पार्वती खोली सोडून कोकणात गेल्यावर. तिघी मैत्रिणी किनाऱ्यावर बसतात तेव्हा. म्हणजे समुद्रकाठच्या शहरातून बाहेर पडल्यावर समुद्र मिळाला.

---

गावमंडळाची_खोली

मी पाटण तालुक्यातला. आमच्या गावची डिलाईल रोडला खोली होती. गावमंडळाची. एका खोलीत वीस-बावीस माणसं, पाळीप्रमाणे झोपायची. रात्रपाळीवाला आला की दिवसपाळीवाल्याची वळकटी गुंडाळायची. जेवण खाणावळीत. भिंतीला प्रत्येकाची एक खुंटी आणि खाली एक पेटी. कडी-कुलूप फक्त पेटीला. चुलते ३१ वर्षं असे राहिले. बायको गावी. वर्षातून दोनदा भेट, गणपतीत आणि जत्रेला.

म्हणून माझा सिनेमा 'गमन'. मुझफ्फर अली, १९७८. फारूख शेख उत्तरेकडच्या गावातून येतो, टॅक्सी चालवतो. मागे स्मिता पाटील त्याची वाट बघत राहते. भाषा आमची नाही, गाव आमचं नाही, धर्म आमचा नाही. तरी चुलत्यांनी तो दूरदर्शनवर बघितला तेव्हा शेवटी उठून बाहेर जाऊन उभे राहिले. शेवट असा की तो घरी जायचं म्हणून स्टेशनवर येतो आणि जात नाही. पैशांचा हिशेब जमत नाही. गाडी समोर आहे आणि माणूस उभा आहे. चुलते नंतर म्हणाले, मीपण दोनदा असा व्हीटीवरून परत आलोय.

सुरेश वाडकरांनी म्हटलेलं शहरयारचं गाणं सगळ्यांना माहीत आहे. पण मला त्या सिनेमातली स्मिता पाटीलची शांतता आठवते. मुंबईवरच्या सिनेमात गावाकडे राहिलेल्या बाईला एवढी जागा फार कमी जणांनी दिली. माझी चुलती ८४ वर्षांची आहे. तिनं मुंबई एकदाच बघितली, नवऱ्याचा फंड आणायला आली तेव्हा.

---

भोंगा_बंद

गावमंडळवाल्या दादांनी गिरणगाव काढलंच आहे तर.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा मी आठवीत होतो. वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप रीतसर मिटला असं कुणी कधी जाहीर केलंच नाही. आमच्या घरात तो आजही मिटलेला नाही.

महेश मांजरेकरांच्या 'लालबाग परळ'बद्दल (२०१०) इथे कुणीतरी बोलेल म्हणून आधीच लिहितो. तो जयंत पवारांच्या 'अधांतर' नाटकावरून घेतलाय. मी नाटक आधी पाहिलं. नाटकात एक घर आहे, त्या घरातली माणसं एकमेकांना बोलून बोलून सोलतात, आणि गिरणी बाहेर कुठेतरी बंद आहे. ती बंद गिरणी तुम्हाला न दाखवता ऐकू येते. सिनेमात टोळ्या आल्या, रक्त आलं, सगळं मोठ्या आवाजात आलं. आमच्यातली काही पोरं त्या वाटेला गेली हे खरं, आमच्याच मजल्यावरचा एक गेला. पण बाकीच्यांचं काय? माझ्या वडिलांनी लोकलमध्ये पेनं विकली. शेजारचे काका वॉचमन झाले, ज्या गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम होते तिच्याच आवारात उभ्या राहिलेल्या इमारतीखाली. आईनं आणि चार बायकांनी मिळून पोळी-भाजीचे डबे सुरू केले, आणि त्यावर आम्ही तिघं भावंडं शिकलो. रोज पहाटे साडेतीनला स्टोव्ह पेटायचा. त्या स्टोव्हच्या आवाजावर कुणी सिनेमा करावा, मी पहिल्या रांगेत बसेन.

एवढं बोलूनही सांगतो, भारतमाता थिएटरला तो सिनेमा लागला तेव्हा वडिलांना घेऊन गेलो. पडद्यावर चाळ दिसली आणि त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. त्यासाठी मी त्या सिनेमाचे उपकार मानतो.

---

नर्मदा_आत्या

बायकांच्या बाजूनं दोन सिनेमे.

एक चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट' (२०१४). सगळे त्यातल्या, खटला भरलेल्या लोकशाहीर नारायण कांबळेंबद्दल बोलतात, आणि बोलायलाच हवं. पण मला सरकारी वकील नूतन विसरता येत नाही. गीतांजली कुलकर्णी. कोर्टात ती शंभर वर्षं जुनी कलमं सपाट आवाजात वाचते, एका म्हाताऱ्या माणसाला आत ठेवायची मागणी करते. मग तीच बाई गाडी पकडून, मुलाला घेऊन घरी येते आणि ओट्याशी उभी राहते. मी तिचा राग करायला बसले होते आणि ती माझ्यासारखी पिशवी घेऊन घरी निघाली. त्यानं तिचं काम माफ होत नाही. दिग्दर्शकानंही माफ केलेलं नाही. पण राग ठेवायचा कुठे, हे अवघड करून ठेवलं.

दुसरा रोहेना गेरांचा 'सर'. रत्ना, गावाकडची तरुण विधवा, मुंबईत एका श्रीमंत घरी राहून काम करते. तिला शिवण शिकायचंय, कपड्यांचे नमुने करायचेत. गावाहून मुंबईला परत येताना ती वाटेत पिशवीतून बांगड्या काढून हातात घालते. गावात विधवेनं घालायच्या नसतात ना. संवाद एकही नाही. माझी आत्या १९६८ साली विधवा झाली आणि परळला भावाकडे राहायला आली. तिनं इथे पहिली गोष्ट केली ती हीच. हिरव्या नव्हे, प्लास्टिकच्या, निळ्या. मी तिचं नाव इथे लावलंय.

मुंबईला नावं ठेवणाऱ्यांना मी नेहमी हे सांगते. खोली लहान होती, पण कुणी तिच्या मनगटाकडे बघितलं नाही.

---

८.०२_फास्ट

डोंबिवलीकर आहे, त्यामुळे 'डोंबिवली फास्ट' लिहिणं भाग आहे. निशिकांत कामत, २००५. संदीप कुलकर्णींचा माधव आपटे, बँकेतला माणूस, एक दिवस सहन करायचं बंद करतो. तेव्हा कॉलेजात होतो, शिट्ट्या मारल्या. आता त्याच्या वयाचा आहे. आता मला त्याची बायको जास्त दिसते.

आणि 'लंचबॉक्स'. डबेवाल्यांची चूक होत नाही, म्हणून गोष्टच खोटी, असं म्हणणारे भेटतात. अहो, चूक होते म्हणून तर ती गोष्ट झाली! मला त्यातल्या देशपांडे काकू आवडतात. पडद्यावर दिसतच नाहीत, फक्त भारती आचरेकरांचा आवाज आणि वरच्या मजल्यावरून खाली येणारी टोपली. अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याचं सगळं करत ती बाई खालच्या मुलीला मसाला सांगते. आमच्या इमारतीत टोपलीची जागा आता व्हॉट्सअॅपनं घेतली. दोरी मात्र अजून खिडकीला बांधलेली आहे.

---

षड्ज

मी सहसा वाचून जाते, लिहीत नाही.

स्वप्न पूर्ण होतं किंवा मोडतं, असेच सिनेमे वर आले. मला तिसरा सांगायचाय. ताम्हाणेंचाच 'द डिसायपल', २०२०. शरद नेरूळकर शास्त्रीय गाणं शिकतो. गुरूंची सेवा करतो, रात्री मोकळ्या रस्त्यावर मोटरसायकल चालवत गुरूंच्या गुरू माई यांची जुनी भाषणं कानात ऐकतो. मेहनत कमी पडत नाही. तरी ते येत नाही. काही मोठं अघटित घडत नाही, फक्त वर्षं जातात. आदित्य मोदक स्वतः गाणारा आहे, त्यामुळे न साधणारी जागा तो खरोखर गाऊन दाखवतो.

मी अठरा वर्षं शिकले. दादरला क्लासला जायचे, बदलापूरहून, तंबोरा नसायचा पण वह्या असायच्या, आणि गर्दीत त्या छातीशी धरून उभी राहायचे. गुरूंनी कधी नाही म्हटलं नाही, कधी हो म्हटलं नाही. चाळिसाव्या वर्षी मी स्वतःशीच सांगितलं. आता मी शाळेत प्रार्थना बसवते. शेवटी शरद बायकोमुलीबरोबर गाडीत बसलेला असतो आणि डब्यात एक जण गात येतो. मी तो प्रसंग तीनदा पाहिला. पहिल्यांदा रडले. तिसऱ्यांदा त्या गाणाऱ्याचा स्वर कुठे लागलाय ते ऐकत होते.

---

गॅलरीतला_खांब

षड्ज, तुम्ही लिहीत जा.

आणि करीरोडताई, सिनेमाचा विषय सोडून एक कामाचं बोलतो. आईंचं नाव पावतीवर लावून घ्या, उद्याच. बाबांचा मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, आईंचं आधार, तुमचं आणि भावंडांचं ना-हरकत पत्र, आणि जुन्या पावत्यांच्या झेरॉक्स. अर्ज दोन प्रतींत द्या आणि एकीवर पोच घ्या. तोंडी "होऊन जाईल" म्हणाले तर उठायचं नाही. पुनर्विकास आला की मग धावाधाव होते, आणि तेव्हा पार्वतीसारखी अवस्था होते. आमच्या चाळीत दोन बायकांची झाली.

---

करीरोड_पूर्व

काका, तुमचा प्रतिसाद मी आईला वाचून दाखवला. भोंगा_बंद यांचा स्टोव्हही. त्यावर ती म्हणाली, "साडेतीनला नाही, तीनला उठावं लागतं, पाणी यायच्या आधी."

'मुंबईचा जावई' रविवारी टीव्हीवर लावून दिला. 'का रे दुरावा' आलं तेव्हा तिनं आवाज कमी करायला सांगितला. शेजारच्यांना ऐकू जाईल म्हणून. शेजारी आता कुणीही नाही, ती खोली चार वर्षं बंद आहे. मी काही बोलले नाही, आवाज कमी केला.

काल आम्ही दोघी अर्ज घेऊन गेलो. दीड तास बसलो. तिथल्या माणसानं आधी सांगितलं, ठेवून जा, बघतो. आई म्हणाली, पोच द्या. तो म्हणाला, साहेब नाहीत, शिक्का कपाटात आहे. आई म्हणाली, मग थांबते, आणि पर्समधून विणकाम काढलं. पाऊण तासानं शिक्का मिळाला. पावती नावावर व्हायला किती महिने लागतील ठाऊक नाही, पण अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तिचं पूर्ण नाव, खोली क्रमांक आणि वर शिक्का आहे. ती प्रत तिनं पेटीत सगळ्यात वर ठेवलीय.

पुढच्या रविवारी 'घरौंदा' लावायचाय. ठाणे_स्लो, तुमचं ऐकून तिनं विचारलंय, केसची तारीख कधी आहे?